गुडघा दर नोव्हेंबरलाच का दुखतो?

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं असतं. दुधाचा हिशेब, गॅस कधी लावला, मावशींचे खाडे, आणि प्रत्येक चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेला एक आकडा: त्या दिवशी किती किलोमीटर धावले. वयाच्या ४९ व्या वर्षी शिवाजी पार्कची पहिली फेरी न थांबता धावले, तेव्हापासूनची ही सवय. आता एकसष्टावं चालू आहे.

तीन वर्षांपूर्वी डावा गुडघा पुन्हा दुखायला लागला तेव्हा माहीमला एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. वयाने माझ्या मुलीएवढी. गुडघा दाबून, वाकवून पाहिल्यावर तिने विचारलं, "काकू, आठवड्याला किती धावता?" मी सांगितलं, २० ते २२ किलोमीटर. "कुठे लिहून ठेवता का?" पुढच्या खेपेला मी तीन वर्षांची कालनिर्णयं गुंडाळी करून घेऊन गेले. तिने ती टेबलावर शेजारी शेजारी पसरली, कोपऱ्यांवर वजनं ठेवली आणि नोव्हेंबरवर बोट टेकवलं. तिन्ही वर्षी दिवाळीच्या मागेपुढे चौकोन रिकामे झाले होते.

मग आम्ही मागे मागे गेलो. जुलैत आठवड्याला ६ ते ७ किलोमीटर, कारण पाऊस, पार्कात चिखल आणि बाहेरच्या लाद्यांवर शेवाळ. गणपती गेल्यावर १० ते १२. आणि ऑक्टोबर संपता संपता एकदम २८. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते. त्यात २१ किलोमीटर पळायचे म्हणजे तयारी ऑक्टोबरात सुरू करायची, हे आमच्या सगळ्या गटाचंच गणित होतं. वर्षाची सरासरी काढली तर मी सांगितलेला आकडा खोटा नव्हता, पण त्या सरासरीएवढे आठवडे वर्षभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते.

पुन्हा पुन्हा दुखणारा गुडघा समजून घ्यायचा असेल तर सुरुवात इथून करावी असं मला मनापासून वाटतं. दुखलं की आपण थांबतो. तीन आठवड्यांत दुखणं शमतं. आपल्याला वाटतं, बरा झाला. पण विश्रांतीने दुखणं कमी होतं, ताकद वाढत नाही. उलट त्या तीन आठवड्यांत पाय थोडा आणखी कमजोर होतो आणि आपण पूर्वीच्याच अंतरावर परततो. मग पुढच्या वर्षी तेच दुखणं, तसंच.

"झिजला" या शब्दाबद्दल

साठीच्या आसपासच्या कुणाचाही गुडघा दुखला की घरचे, शेजारचे, कधी कधी डॉक्टरही एकच शब्द वापरतात: झिजला. नाहीतर वंगण संपलं. गाडीच्या टायरसारखं चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं. इतके किलोमीटर झाले, आता रबर गेलं, उरलेलं जपून वापरा.

हे चित्र चुकीचं आहे, कारण टायर स्वतःची डागडुजी करत नाही आणि सांधा करतो. मांडीचं हाड खाली येतं, नडगीचं हाड वर जातं, दोन्हींच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. मध्ये अर्धचंद्रासारख्या दोन गाद्या. पुढे वाटी, जी मांडीच्या हाडातल्या खोबणीतून वरखाली सरकते. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून. भार पडला की ती स्पंजासारखी दाबली जाते, द्रव बाहेर जातो. भार उतरला की ताजा द्रव आत येतो. म्हणजे चालणं-धावणं हीच तिची जेवणाची वेळ. आणि ज्याला आपण वंगण म्हणतो तो द्रव सांध्याचं अस्तर आयुष्यभर तयार करत राहतं. तो डब्यातल्या तेलासारखा संपत नाही.

कूर्चेत मज्जातंतूही नसतात. त्यामुळे तिची स्वतःची झीज थेट दुखत नाही. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं अस्तर, वाटीच्या खालची चरबीची गादी, स्नायू हाडाला बांधणारा कंडरा. यातल्या बऱ्याचशा गोष्टी चिडतात तशा शांतही होतात.

धावल्याने गुडघे जातात का, याचा माग काढला गेला आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८४ पासून ४५ लांब पल्ल्याचे धावक आणि ५३ न धावणारे लोक घेतले. सुरुवातीला त्यांचं सरासरी वय ५८ होतं, म्हणजे आपल्याच वयाची माणसं. २००२ पर्यंत त्यांच्या गुडघ्यांचे एक्स-रे काढत राहिले. धावणाऱ्यांमध्ये संधिवाताची झीज जास्त आढळली नाही. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा हौशी धावकांमध्ये गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या झिजेचं प्रमाण साडेतीन टक्के होतं, बैठी राहणी असलेल्यांमध्ये १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांमध्ये १३.३ टक्के. यावरून "धावा म्हणजे गुडघे वाचतील" असं म्हणता येणार नाही. ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरत होते त्यांनी धावणं सोडून दिलं असेल, हेही त्या आकड्यांत दडलेलं असू शकतं. पण हौसेने, बेताने धावणं गुडघा कुरतडत नाही, एवढं धरून चालायला हरकत नाही. ज्यांच्या गुडघ्याचं पूर्वी ऑपरेशन झालंय किंवा मोठी दुखापत झालीय, त्यांनी मात्र हे आकडे स्वतःला लावू नयेत. त्यांचं गणित वेगळं असतं.

आता एमआरआयबद्दल. माझ्या रिपोर्टवर आतल्या बाजूच्या गादीला चीर आणि कूर्चेची झीज, असं लिहिलं होतं. ते वाचून मी चार महिने धावणं बंद केलं. जिनेसुद्धा टाळले, लिफ्टशिवाय कुठे गेले नाही. कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं की पन्नाशीनंतर अशी चीर फार जणांच्या गुडघ्यात असते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांचे एमआरआय काढले होते. ज्यांच्या गादीला चीर सापडली त्यांच्यापैकी ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्याचा काहीच त्रास झाला नव्हता. म्हणजे चीर ही बऱ्याचदा पांढऱ्या केसांसारखी असते. आहे, पण दुखण्याचं कारण तीच, असं ठरत नाही. फिनलंडमध्ये १४६ रुग्णांवर आणखी धीट प्रयोग झाला, त्याचे निकाल २०१३ साली आले. अर्ध्यांची फाटकी गादी दुर्बिणीतून छाटली, अर्ध्यांना तसं ऑपरेशन झाल्याचा फक्त आभास दिला. वर्षभराने दोन्ही गट सारखेच होते. वयानुसार होणाऱ्या चिरेसाठी कुणी घाईने ऑपरेशन सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्यावं.

त्या चार महिन्यांनी मी शिवणाच्या डब्यातली टेप काढून मांड्या मोजल्या. वाटीच्या वर चार बोटांवर. डावी मांडी उजवीपेक्षा दीड सेंटीमीटर बारीक झाली होती. गुडघा जपता जपता त्याला धरून ठेवणारे स्नायूच मी घालवले होते.

दम आधी येतो, गुडघा मागून

धावताना प्रत्येक पावलाला वाटीच्या मागे शरीराच्या वजनाच्या कित्येक पट दाब येतो. तो झेलतो मांडीचा पुढचा मोठा स्नायू, सोबत पोटरी आणि कुल्ल्याचे स्नायू. स्नायू दमले की उरलेला धक्का सांध्याकडे जातो. तिशीनंतर दर दशकात ३ ते ८ टक्के स्नायू घटतात आणि साठीनंतर ही घट वेग घेते. बायकांमध्ये पाळी थांबल्यावर हाडंही विरळ होत जातात. त्यामुळे पंचेचाळिसाव्या वर्षी जो आठवडा अंगी लागत होता तो साठाव्या वर्षी लागेलच असं नाही.

इथे एक फसगत आहे आणि आमच्या गटातले जवळजवळ सगळे तिच्यात सापडतात. ऑक्टोबरात धावायला लागलं की तीन-चार आठवड्यांत दम परत येतो. श्वास जुळतो, अंग हलकं वाटतं, आणि आपण अंतर वाढवतो. पण कंडरा आणि हाड यांना त्याच भाराची सवय व्हायला काही महिने लागतात. छाती तयार असते, गुडघा अजून ऑगस्टमध्येच असतो. बरोबर सहाव्या-सातव्या आठवड्यात तो बोलतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून मोजा, तारीख नोव्हेंबरातच येते.

कुठे दुखतं यावरून थोडं ओळखता येतं. वाटीच्या भोवती किंवा मागे, नेमकं बोट ठेवता न येणारं, जिना उतरताना आणि सिनेमा-नाटकाला तासन्‌तास बसल्यावर वाढणारं दुखणं हे वाटीच्या सरकण्याशी संबंधित, आणि धावणाऱ्यांत सगळ्यात जास्त आढळणारं. बाहेरच्या बाजूला, दर वेळी ठरावीक अंतरावरच सुरू होणारी कळ असेल तर कुल्ल्यापासून नडगीपर्यंत उतरणारा जाड पट्टा तिथे दाबला जात असतो. उतारावर तो अधिक त्रास देतो. वाटीच्या खाली बोटभर जागेत दुखणं म्हणजे कंडरा. आतल्या बाजूला दुखून सकाळी थोडा वेळ आखडत असेल तर गादी किंवा वयाचा संधिवात. एकाच वेळी दोन गोष्टीही असतात, म्हणून स्वतःच शिक्का मारून बसू नका.

माझं पहिल्या प्रकारचं होतं. आम्ही लालबागच्या जुन्या इमारतीत राहतो, तिसऱ्या मजल्यावर. लाकडी जिना आणि पायऱ्या उंच. त्या नोव्हेंबरात मी कठड्याला दोन्ही हात लावून आडवी उतरायचे, आधी डावा पाय, मग त्याच पायरीवर उजवा. फिजिओथेरपिस्टने हीच गोष्ट तपासणीला वापरली. तिने मला एका बुटक्या पायरीवर डाव्या पायावर उभं केलं आणि उजवी टाच हळूच खाली जमिनीला टेकवायला सांगितली. समोर आरसा. मी वाकले तसा डावा गुडघा आत, उजव्या पायाकडे कलला आणि कंबर एका बाजूला घसरली. दुखलं तेव्हाच. तिने गुडघा हाताने बाहेर धरला आणि म्हणाली, "आता परत." दुखणं निम्म्यावर आलं. कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू पायाला सरळ धरू शकत नव्हता, म्हणून वाटी खोबणीच्या एका कडेला घासत होती. घरी कपाटाच्या आरशासमोर हे कुणालाही करून पाहता येईल.

व्यायाम तिने चारच दिले आणि आजही मी तेच करते. न धरता खुर्चीवरून उठणं-बसणं, बसताना मनात चार मोजत. तोच पायरीचा व्यायाम, गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवून. एका पायावर टाच उचलणं. आणि कुशीवर पडून कोपरावर कंबर उचलून धरणं. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी तीन खेपा, शेवटच्या दोन-तीन वेळा खरंच जड जाव्यात इतपत. याच मुद्द्यावर बहुतेक ज्येष्ठ धावक कमी पडतात. वीस वेळा सहज जमलं की पुढे काही वाढवत नाहीत. मी पाठीवरच्या पिशवीत तांदळाची ५ किलोची थैली टाकून खुर्चीवरून उठते. टाच उचलायच्या व्यायामाला लोक क्षुल्लक समजतात, पण वय वाढतं तसा घोट्यातून पाऊल ढकलण्याचा जोर आधी जातो आणि ते काम गुडघ्यावर सरकतं. फरक कळायला ८ ते १२ आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात काहीच वाटत नाही म्हणून सोडू नका.

दुखत असताना धावायचं का? यासाठी एक साधी मोजपट्टी आहे. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य. धावताना तीनच्या आत राहिलं, चाल लंगडी झाली नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला जिना उतरताना गुडघा आदल्या सकाळइतकाच असेल, तर तेवढं धावणं चालतं. सकाळी जास्त दुखलं तर अंतर कमी करायचं, बंद नाही करायचं. धाव-चाल-धाव असं करायलाही संकोच वाटू नये. दुखणं जोरात असेल त्या आठवड्यांत जमिनीवर मांडी घालून बसणं, वज्रासन आणि खाली बसून भाजी निवडणं बाजूला ठेवावं, कारण गुडघा पूर्ण दुमडला की वाटीवरचा दाब वाढतो. पण ते कायमचं सोडू नका. बरं वाटलं की पुन्हा सुरू करा, नाहीतर ती हालचालच हातची जाते.

पावलांबद्दल एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. मिनिटाला किती पावलं पडतात ते मोजा. माझी १५६ पडायची, लांब लांब, टाच शरीराच्या बरीच पुढे. पाच ते दहा टक्के पावलं वाढवली की तीच गती ठेवूनही प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार कमी होतो, कारण पाय शरीराच्या खाली पडतो. मी १६४ वर आणली. पहिले दोन आठवडे विचित्र वाटलं, मग अंगवळणी पडलं. वजन जास्त असेल तर तेही पाहावं. एक किलो वजन कमी झालं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो.

मुंबईच्या रस्त्यांचं सांगायचं तर काँक्रीटपेक्षा मला रस्त्याच्या कडेचा उतार जास्त छळतो. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला झुकलेला असतो. रोज एकाच कडेने धावलं की एक पाय कायम खालच्या पातळीवर पडतो. शिवाजी पार्कला सगळे एकाच दिशेने फिरतात. मी एक दिवसाआड उलटी जाते. बूट पायाला आरामशीर हवेत, याहून जास्त त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं नाही.

गोळ्या आणि सुया

पहाटे लांब धावायच्या आधी दुखऱ्या गुडघ्यासाठी गोळी घेऊन येणारे मी दर आठवड्याला पाहते आणि काळजी वाटते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. मुंबईच्या दमट हवेत तासाभरात घामाने अंग निथळतं, शरीरातलं पाणी घटतं आणि तोच ताण दुप्पट होतो. रक्तदाबाची काही औषधं आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर या तिन्हींचा मेळ धोक्याचा आहे. आमच्या वयात अर्ध्या गटाला रक्तदाबाची गोळी असते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका, आणि धावण्यापूर्वी तर नकोच. शिवाय गोळीने आपली मोजपट्टीच बंद पडते. दुखणं तीन आहे की सहा, कसं कळणार?

ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांचा गुडघ्याच्या झिजेवर उपयोग होतो असा भक्कम पुरावा नाही. स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या घटकांचं, म्हणजे पीआरपीचं इंजेक्शन हल्ली सर्रास सुचवलं जातं. ऑस्ट्रेलियात २८८ लोकांवर ते साध्या मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनशी ताडून पाहिलं, निकाल २०२१ मध्ये आले. वर्षभराने दुखण्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. तिळाचं तेल चोळून बरं वाटत असेल तर जरूर चोळा, त्यात काही वाईट नाही.

माझं कालनिर्णय आता वेगळं दिसतं. जुलैतही आठवड्याला १२ ते १४ किलोमीटर होतात, पाऊस उघडला की लगेच बाहेर, नाही उघडला तर इमारतीचा जिना चढायचा आणि लिफ्टने खाली. सप्टेंबरपासून आठवड्याला एक-दोन किलोमीटरच वाढ, आणि दर चौथा आठवडा हलका. जानेवारीत पेडर रोडच्या चढाची सगळे धास्ती घेतात. माझ्या गुडघ्याला मात्र त्यानंतरचा केम्प्स कॉर्नरकडचा उतार भारी पडतो, कारण उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. तिथे मी पावलं मुद्दाम बारीक करते. त्यासाठी ऑक्टोबरपासूनच थोडा थोडा उतार सरावात घेते.

काही लक्षणं अशी आहेत की तिथे मोजपट्टी, व्यायाम काही नाही, सरळ डॉक्टर. मुरगळल्यावर काही तासांत गुडघा टम्म सुजणे. मध्येच अडकणे, सरळच न होणे. चालता चालता दगा देणे. लाल, गरम गुडघा आणि सोबत ताप. पायावर वजन न पेलणे. हाडाच्या एकाच बिंदूवर दाबलं की कळवळायला होणे, कारण तो हाडाला गेलेला बारीक तडा असू शकतो आणि पाळी गेलेल्या बायकांनी याकडे विशेष लक्ष द्यावं. रात्री झोपमोड करणारं दुखणं. पोटरी एका बाजूची सुजून दुखणे, कारण ती रक्ताची गाठ असू शकते.

दाखवायला जाताना मागच्या तीन महिन्यांची पानं सोबत न्या. धावायचे बूट पिशवीत घाला, त्यांचे झिजलेले तळवे बघून बरंच कळतं. आणि हाफ पँट घेऊन जा. सलवार किंवा साडी वर सरकवून गुडघा नीट दिसत नाही, आणि पायरीवरून उतरताना तो कुठे कलतो हे तर त्यांना दिसायलाच हवं.